थांबता आले पाहिजे

"काका, ट्रकवर जाऊ का? मला टेन्शन येत नाही," असे पोरे मला विचारतात. मी त्यांना शनिवारी घोडेगावला जाऊन उभे राहायला सांगतो. नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरून शनिशिंगणापूरचा फाटा तिथेच फुटतो. ट्रक कडेला लावून ड्रायव्हर शनिदेवाला तेल वाहून येतात, गाडीला नवी लिंबू-मिरची बांधतात. धास्ती सगळ्यांनाच असते, हे तिथे कळते.

मीही तेल वाहायचो. एकदा घोडेगावच्या बाजारातला कांदा भरून रात्री वाशीला निघालो. सकाळच्या बाजाराला माल पोचलाच पाहिजे, म्हणून मालकाचे फोनवर फोन. आदल्या रात्रीची झोप झालेली नव्हती. आळेफाटा सोडल्यावर डोळा लागला. क्लीनर ओरडला तेव्हा पुढचे चाक साइडपट्टीवरून खाली उतरले होते. पुढे माळशेज घाट होता!

गाडी बंद करून दोन तास झोपलो. बाजार चुकला, मालकाची बोलणी खाल्ली, भत्ताही कापला गेला. पण ताण सोसणे म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजले. दामटत राहणे सोपे असते. फोनवर "आता गाडी निघणार नाही" असे शांतपणे सांगणे अवघड.

घाटातही तेच. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल केली, की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. मागून कितीही हॉर्न वाजोत, खालच्या गिअरमध्ये हळूच उतरायचे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. आम्हा ड्रायव्हरांपैकी कितीजणांना ते ठाऊक होते? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगलेच. पण थंड केबिन झोपेची भरपाई करत नाही.

मालवाहू ट्रकच्या लायसन्सला वय २० पूर्ण लागते आणि त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर तरी हवे. ते वर्ष अनुभवी ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून काढा. तो गाडी कशी चालवतो ते पाहाच, पण कधी थांबवतो तेही पाहा.

शनिदेवाला तेल जरूर वाहा. डोळे जड झाले, की मात्र गाडी आधी कडेला घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)