अब्बांच्या दिव्याला बांबूचा झगा

अब्बा गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. मी मागितला फक्त त्यांच्या टेबलावरचा दिवा. पितळी दांडा, वर तारेचा सांगाडा आणि त्यावर पिवळं पडलेलं कापड. बोट लावलं तरी फाटावं इतकं ते विरलं होतं. मी हौसेनं त्याच्यावर चमकीचा कागद डकवला आणि आत साठ वॅटचा जुना बल्ब लावला. तासाभरात करपल्याचा वास आला. त्या रात्री दिवा हातचा जायचाच.

चूक साधीच होती. तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जाते, उजेड होतो थोडा. तेवढाच उजेड साधारण नऊ वॅटचा एलईडी देतो. तोही बुडाशी तापतो, म्हणून शेड वरून आणि खालून उघडीच ठेवायची. कागद, कापड, बांबू, काहीही लावा. ते बल्बला टेकता कामा नये.

सांगाडा घेऊन मी आमच्या गावच्या बुरडमोहल्ल्यात गेलो. सूप विणत बसलेल्या एका बाईनं तो फिरवून पाहिला आणि म्हणाली, “सांगाडा मजबूत आहे जी. याले कायले फेकता?” पुढचं सगळं तिनंच शिकवलं.

आपल्या जंगलातला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो. त्याच्या सालीकडच्या पट्ट्या चिवट, तर आतला गर मऊ. शेडसाठी सालीकडच्या, अर्ध्या सेंटीमीटरच्या आतल्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या आणि साल बाहेरच्या बाजूला ठेवायची. गरात पिठूळ अंश असतो, त्यालाच भुंगा लागतो. म्हणून बुरड मंडळी बांबू पाण्यात भिजवत ठेवतात. तो अंश पाण्यात उतरतो आणि वस्तू टिकते.

आधी सांगाड्याचा गंज पॉलिश पेपरनं घासून रंगाचा हात द्यावा. मग उभ्या पट्ट्या वरच्या व खालच्या कड्याला बारीक तारेनं बांधाव्यात. त्यांची संख्या मात्र विषम हवी. मी चोवीस बांधल्या होत्या. बाई हसली आणि तिनं एक वाढवली. आडवी पट्टी एका उभीच्या वरून, दुसरीच्या खालून जाते. संख्या सम असली तर दुसऱ्या फेरीतही ती तिथंच वर आणि तिथंच खाली येते, वीण बसतच नाही. कविता लिहिणाऱ्या माणसाला मात्रा मोजता येतात, पट्ट्या नाही, हे त्या दिवशी कळलं.

विणताना पट्ट्या ओल्या हव्यात, नाहीतर वळवताना तडकतात. पण ओली वीण वाळली की आकसते आणि फटी पडतात. दोन दिवस सावलीत वाळवून ओळी खाली दाबायच्या आणि वर आणखी एक-दोन फेरे घालायचे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात. एक सावधगिरी सांगतो: तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

आमच्याकडचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद झाला. माझ्या पहिल्या कविता बहुधा त्यावरच लिहिल्या गेल्या असाव्यात! जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क मान्य व्हायला मात्र फार वेळ लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला तो 2011 मध्ये.

बाईनं मजुरी सांगितली साठ रुपये. सवयीनं मी “पन्नास घ्या ना” म्हणणार होतो. तेवढ्यात तिच्या बोटांवरच्या चिरा दिसल्या, आणि शंभराची नोट देऊन उरलेले परत घेतले नाहीत.

आता संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर विणीची जाळी पडते. अब्बांची हिशेबाची वही मी त्याच्याच खाली ठेवली आहे.