तांबडी धूळ आणि मुलांचा श्वास

पावसाळ्यात मयेचे तळे भरले की गाव हिरवागार दिसतो. उन्हाळ्यात खनिजाचे ट्रक धावू लागले, की रस्त्याकडेची झाडे ओळखू येत नाहीत; पानापानावर तांबडा थर. पहिल्या पावसाने पाने धुतली जातात. श्वासाबरोबर आत गेलेल्या धुळीचे मात्र काय होते?

जाड कण नाकातच अडकतात. दहा मायक्रॉनहून लहान कण घशाखाली उतरतात आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो!) तेथे सूज येते, कफ वाढतो, श्वासनलिका आकुंचन पावतात. दमेकरी मुलाला एवढे निमित्त पुरते.

पाच वर्षांचे मूल मिनिटाला वीस-पंचवीस वेळा श्वास घेते. मोठा माणूस बारा ते वीस. वजनाच्या मानाने मुलाच्या छातीत हवा जास्त जाते, आणि धावताना ते तोंडाने श्वास घेते, म्हणजे नाकाची गाळणी चुकलीच. शिवाय जन्मानंतर कित्येक वर्षे वायुकोश वाढतच असतात. त्या काळात राहिलेली तूट पुढे भरून निघणे कठीण.

आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ४५ ही मर्यादा सांगितली. पण सरासरी ती सरासरीच. शाळा सुटताना ट्रकांची रांग लागली, तर त्या अर्ध्या तासाची धूळ कागदावर चोवीस तासांत वाटली जाते; मूल ती एकदमच ओढते.

२०१७ मध्ये सत्तरीतील सोनशीच्या लोकांनी धुळीला कंटाळून ट्रक अडवले व त्यांतील अनेकांना तुरुंगात जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. धूळ बसली, पण ट्रकांचे हप्तेही थकले. त्या ट्रकांवर कित्येक घरे चालत होती, हे नाकारून कसे चालेल? पुढे डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झालेल्या पहिल्या चार पट्ट्यांत शिरगाव-मये होता.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना खर्चाचे हिशेब शिकवतात. टनामागे डिझेल, मजुरी, रॉयल्टी सारे मांडले जाते. मुलाच्या औषधाचा खर्च मात्र घरच्या वहीत पडतो. ताडपत्री घट्ट बांधणे, चाके धुऊनच ट्रक हमरस्त्यावर आणणे, पाणी मारणे हे खर्च खाणमालकाचेच. पाणीही सकाळी एकदा मारून भागत नाही. एप्रिलच्या उन्हात रस्ता लगेच सुकतो आणि सुकलेला चिखल पुढच्या चाकाखाली पुन्हा धूळ होतो. शाळेच्या वेळी ट्रक थांबवायला तर फक्त वेळापत्रक लागते.

तोवर आयांनी एवढे ध्यानात ठेवावे, की साध्या रुमालाने बारीक कण फारसे अडत नाहीत. आणि मूल रात्री वारंवार खोकू लागले, छातीत घरघर होऊ लागली, तर काढ्यावर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे.