परसातील घुबडाची पिले

घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड नदीवर नेऊन उगाळीत बसते आणि दगड झिजतो तसतसा मारणाराही झिजतो, असे आजीच्या तोंडून आपण ऐकलेले असते. ही समजूत खोटी असली, तरी निरुपद्रवी आहे. परंतु घुबड घरावर बसले की घर ओस पडते, ही दुसरी समजूत मात्र त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या जिवावर उठते. म्हणून परसात पिले दिसताच काठी शोधण्यापूर्वी ती कोणाची आहेत, हे ओळखावे.

शिंद्यांची राजधानी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस गेली, तरी अनेक मराठी कुटुंबे उज्जैनीतच राहिली. जुन्या वाड्यांचे माळे, भिंतींतील भोके आणि परसातील चिंचेच्या व कडुनिंबाच्या ढोली या घुबडांना अंडी घालण्यास सोयीच्या जागा होत.

पिलू वाढते तसा त्याचा आकार बदलतो. म्हणून केवळ आकारावरून निर्णय करू नये. चेहरा, डोळे व आवाज या तीन खुणा पाहाव्यात.

डोळे पिवळेधमक, भुवया पांढुरक्या आणि अंगावर करडी-पांढरी लव असेल, तर ते पिंगळ्याचे पिलू होय. तिन्हीसांजेस ही भावंडे ढोलीच्या तोंडाशी बसून माना वरखाली करतात. आईबाप जवळच कलकलाट करीत असतात. सुमारे महिन्याभरात पिले ढोलीबाहेर पडतात.

चेहरा पत्त्यांतील बदामासारखा, डोळे काळेभोर आणि लव कापसासारखी पांढरी असेल, तर ते गव्हाणी घुबडाचे पिलू समजावे. ते सापासारखे फुसकारते. त्यामुळे माळ्यावर साप शिरला, असा भास होतो. मादी एकेक अंडे काही दिवसांच्या अंतराने घालते व पहिल्यापासूनच उबविते. साहजिकच पिले जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे लहानमोठी दिसतात. त्यांना उडू लागण्यास सुमारे दोन महिने लागतात.

डोक्यावर पिसांची दोन लहान शिंगे आणि डोळे गडद असतील, तर ते शिंगळा घुबडाचे पिलू असण्याचा संभव आहे.

घुबड लहान भक्ष्य सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळीच्या रूपाने ओकून टाकते. गव्हाणी घुबडाच्या बैठकीखालची वाळलेली गोळी काडीने उकलून पाहावी व मग हात धुवावेत. तीत उंदरांच्या कवट्या आढळतात. ज्याला आपण अशुभ म्हणतो, तो आपल्या धान्याचा राखणदार आहे, याचा हा पुरावाच नव्हे काय?

विद्यार्थिमित्रांनो, पिलू खाली पडलेले दिसले, तर ते पोरके आहे असे समजू नये. कुत्र्यामांजरांना दूर ठेवून त्याला अलगद ढोलीत अथवा उंच फांदीवर ठेवावे. दूध-पोळी मुळीच देऊ नये. जखमी असल्यास वनखात्यास कळवावे. जादूटोण्याच्या वेडापायी आजही घुबडे पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनाही हे नम्रपणे समजावून सांगावे. परसातील पिले सुखरूप उडून गेली, म्हणजे आपल्या ज्ञानाचे चीज झाले.