चकती कोणत्या दिशेने फिरली?

लाकडावर नक्षी कोरणारे छोटे सीएनसी यंत्र काही हौशी मंडळी घरीही बनवतात. अशा यंत्रात संगणक आज्ञा देतो, ‘हत्यार दहा मिलिमीटर उजवीकडे न्या.’ पण हत्यार खरोखर तेवढे सरकले का? मोटर मध्येच अडखळली आणि संगणकाला ते कळलेच नाही, तर पुढची सारी नक्षी बाजूला सरकेल. म्हणून सर्वो मोटरच्या दांड्यावर एन्कोडर बसवतात.

एन्कोडरमध्ये एक चकती असते. समजा, तिच्या कडेला सारख्या अंतरावर ५०० फटी आहेत. चकतीच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा संवेदक. चकती फिरली की संवेदकावर आळीपाळीने उजेड आणि अंधार पडतो. उजेड किती वेळा आला हे मोजले की दांडा किती फिरला ते कळते.

पण येथे एक अडचण आहे. चकती दहा फटी पुढे आणि दहा फटी मागे गेली, तर ती मूळ जागी येते. आपली मोजणी मात्र वीस सांगते! एका संवेदकाला दिशा कळत नाही. म्हणून दोन संवेदक वापरतात.

हे वर्गात करून पाहता येईल. कागदाच्या लांब पट्टीवर २ सेंटिमीटर काळा, २ सेंटिमीटर पांढरा असे पट्टे रंगवा. दुसऱ्या कागदाला १ सेंटिमीटर अंतरावर दोन बारीक भोके पाडून तो पट्टीवर ठेवा. काळ्याला ०, पांढऱ्याला १ म्हणू. पट्टी उजवीकडे ओढली की डाव्या-उजव्या भोकांत क्रमाने ००, १०, ११, ०१ दिसते. डावीकडे ओढली की ००, ०१, ११, १०. नुसती भोके पाहून विद्यार्थी दिशा सांगतील. एक भोक झाका, मग विचारा!

दर वेळी एकच अंक बदलतो, हेही पाहा. एका फटीमागे असे चार बदल होतात. म्हणजे ५०० फटींची चकती एका फेऱ्यात २००० मोजण्या देते. मोटरच्या एका फेऱ्यात हत्यार ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एक मोजणी म्हणजे ०.००२५ मिलिमीटर.

००नंतर एकदम ११ आले तर? काहीतरी चुकले हे नक्की. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला एक लाख मोजण्या होतात. मोजणारे मंडल मंद असले की त्या निसटतात. शिवाय मोटरच्या तारांमधून येणारा विद्युत गोंगाट खोटे स्पंद निर्माण करतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक संकेत पीळ दिलेल्या दोन तारांतून, एकात सुलटा व दुसरीत उलटा, पाठवतात. गोंगाट दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो. वजाबाकी केली की तो निघून जातो आणि संकेत उरतो.

एवढे करूनही एन्कोडर सांगतो ते मोटरच्या दांड्याबद्दल, हत्याराबद्दल नव्हे. आता विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारू या : मोजणी अचूक आहे, तरी भोक चुकीच्या जागी पडले. चूक कोठे शोधाल? घसरणारा पट्टा आणि ढिला झालेला नट त्यांना सुचले, तर मोजमाप नेमके कशाचे होते हे त्यांना उमगले असे समजावे.