मोटारीतला ‘वाव’

गॅरेजवाल्याच्या तोंडून ‘साहेब, मागे प्ले आलाय’ हे वाक्य निघाले की मोटारमालकाच्या पोटात गोळा येतो. मराठीच्या अध्यापकाला विचाराल, तर या ‘प्ले’ला ‘वाव’ हा शब्द चपखल बसतो. दोन भागांमधली मोकळी जागा म्हणजे वाव. गंमत अशी की, यंत्रात तो थोडा असावाच लागतो. दातेरी चाके अगदी चिकटून बसवली, तर तेलाला शिरायला जागा उरत नाही आणि दाते तापून जातात. तंटा असतो तो वाव किती आणि कुठे, एवढ्याचाच.

आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती ‘फियाट डिलाइट’ म्हणून निघे. १९७०च्या दशकात तिचे पुन्हा बारसे झाले आणि २०००च्या सुमारास ती बंद पडली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हा अशा गाडीचा सुटा भाग शोधणे हे वधूसंशोधनाहून कठीण!

यंदा क्लच सोडताना मागून ‘टक्क’ असा आवाज येऊ लागला. पुण्याच्या एका गॅरेजात शाफ्ट हाताने हलवून दाखवण्यात आला आणि निकाल लागला: डिफरन्शियल बदला, नाहीतर गाडी भंगारात काढा. सौ.चा कौल भंगाराला. या गाडीतून मुलांना माळशेज घाटात नेणार नाही, असे तिने निक्षून सांगितले. आणि त्यात तिचे चुकत नव्हते. शाफ्टचा पुढचा सांधा धावत्या गाडीत तुटला, तर सुटलेले टोक रस्त्यात रुतू शकते.

नारायणगावला खेटून असलेल्या आमच्या वारूळवाडीत एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, “सर, आवाज कुठं येतो ते नंतर. कवा येतो ते सांगा.” वळणावर घरघर वाढली तर चाकाच्या बेअरिंगवर संशय, ठरावीक वेगाला हुंकार आला तर क्राउन-पिनियनवर, आणि ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना टक्क झाले तर सांध्यांवर.

मग पुढच्या चाकांना दगड लागले. गाडी गिअरमध्ये टाकून मागचे एकच चाक उचलले, आसाखाली भक्कम ठोकळा दिला. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये!) आधी चाक वर-खाली धरून हलवले, बेअरिंग ठीक होते. नंतर टायरवर खडूची रेघ ओढून मामा चाक मागे-पुढे फिरवू लागले आणि मी खाली शाफ्टकडे पाहत राहिलो. डिफरन्शियलकडचा काटा हलत होता, शाफ्टची नळी मात्र जागची हलत नव्हती. दोघांच्या मध्ये बसतो तो क्रॉस. त्याच्या टोपणांभोवती तांबूस भुकटी साचली होती. वंगण संपून आतल्या सुया गंजल्याची ती खूण.

मग पुण्यात दिसले ते काय? शाफ्ट चार-साडेचार वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. त्यामुळे चाकाकडचा बारीकसा वाव शाफ्टवर चौपट दिसतो. “दिसतं मोठं, असतं लहान,” मामा म्हणाले. शेजारच्या खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या फिरवताना असा वाव मुळीच चालत नाही; तिथे एकाच आसावर दोन मोटरी एकमेकींविरुद्ध ताण धरून दात्यांना सैल पडूच देत नाहीत. आमच्या मोटारीला एवढा थाट कशाला?

शाफ्ट काढण्याआधी मामांनी दोन्ही बाजूंना रंगाच्या खुणा केल्या, कारण तो उलटसुलट बसला तर तोल जाऊन गाडी थरथरते. क्लिपा काढून, वाइसमध्ये दाबून टोपणे बाहेर आली. जुन्या क्रॉसवर सुयांचे चर पडले होते. पुढचा क्रॉस बरा होता, तरी तोही बदलला. खर्च डिफरन्शियलच्या मानाने किरकोळ. पाट्यांचे यू-बोल्ट आवळले. डिफरन्शियलचे तेल पांढऱ्या कागदावर घेऊन पाहिले. करडी लुकण होती, पण लोखंडाचे तुकडे नव्हते. तेव्हा ते उघडलेच नाही, नवे तेल भरले.

टक्क गेले. चाकाला अजून थोडा वाव आहे. टायरवर तो खडूने मोजून मी आकडा टिपून ठेवला आहे. पुढच्या दिवाळीला तो वाढला, तर डिफरन्शियल उघडायचे. माळशेजला कोण कोण यायचे, याची घासाघीस घरात अजून चालू आहे.