ब्लॅकजॅकमधला अर्धा टक्का

ब्लॅकजॅक हा कॅसिनोतला असा खेळ आहे, ज्यात खेळाडूच्या निर्णयाने गणित खरोखर बदलते. रुलेटवर किंवा स्लॉट मशीनवर पैसे लावले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. इथे मात्र पान ओढायचे की थांबायचे, लावलेली रक्कम दुप्पट करायची की जोडी फोडायची, हे खेळणाराच ठरवतो. वाटेल तसे खेळणाऱ्याकडून कॅसिनो दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये किंवा त्याहून जास्त काढतो. चांगल्या नियमांच्या टेबलावर अचूक खेळणाऱ्याकडून त्याला जेमतेम पन्नास पैसे मिळतात.

सिंधुदुर्गात हा खेळ कायदेशीरपणे खेळता येत नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडचा हौशी माणूस बांदा-पत्रादेवी ओलांडून पणजी गाठतो. गोव्यातही जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरच्या खेळांचीच परवानगी आहे. डीलर समोर उभा राहून पाने वाटतो, तो खेळ मांडवीतल्या बोटींवर. प्रवेशासाठी वय २१ पूर्ण लागते. खुद्द गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सिंधुदुर्गकरांना ती लागू नाही.

खेळ सोपा आहे. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकी पाने अंकाप्रमाणे. बेरीज २१ च्या जितकी जवळ तितके चांगले. २१ ओलांडली की डाव गेला. कॅसिनोचा सगळा फायदा एकाच गोष्टीत आहे: खेळाडू आधी खेळतो. तो २१ च्या पुढे गेला की त्याचे पैसे लगेच उचलले जातात, मग डीलरही पुढे गेला तरी ते परत मिळत नाहीत.

टेबलावर बसण्याआधीच सर्वात मोठी बचत करता येते. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर काही टेबले तीनास दोन या दराने पैसे देतात, तर काही सहास पाच या दराने. हजार रुपये लावले असतील तर पहिल्या टेबलावर दीड हजार मिळतात, दुसऱ्यावर बाराशे. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो, त्यामुळे या एका फरकाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. पुढे कितीही हुशारीने खेळले तरी हे नुकसान भरून निघत नाही. डीलर एक्का अकरा धरून झालेल्या १७ वर थांबतो की पुन्हा पान ओढतो, हेही पाहावे. ओढत असेल तर आणखी ०.२ टक्के जातात.

दुसरी बचत ‘इन्शुरन्स’ नाकारण्यात आहे. डीलरचे उघडे पान एक्का असले की विमा घेता का, असे विचारतात. त्याचे झाकलेले पान दहाचे निघाले तरच विम्याचे पैसे मिळतात. तेरा प्रकारच्या पानांपैकी चार दहाची, नऊ इतर. शंभर रुपयांचा विमा तेरा वेळा घेतला तर सरासरी चार वेळा दोनशेप्रमाणे आठशे मिळतील आणि नऊ वेळा शंभरप्रमाणे नऊशे जातील. तेराशेमागे शंभरचा तोटा, म्हणजे ७.७ टक्के. याला विमा म्हणणेच चूक. ती डीलरच्या झाकल्या पानावर लावलेली वेगळी पैज आहे. जोडी, रंग वगैरेंवरच्या बाजूच्या पैजा तर बहुधा याहूनही महाग पडतात.

मग येतो प्रत्यक्ष खेळ. कोणत्या बेरजेला डीलरच्या कोणत्या पानासमोर काय करावे, याचे पक्के गणित रॉजर बाल्डविन आणि अमेरिकी लष्करातल्या त्याच्या तीन सहकाऱ्यांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर मांडले आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा गाभा असा: डीलरचे पान चव्वी, पंजी किंवा छक्की असेल तर तो २१ च्या पुढे जाण्याची शक्यता मोठी, पंजी-छक्कीला तर सुमारे ४२ टक्के. अशा वेळी आपली बेरीज बारा असली तरी थांबावे. डीलरकडे सत्ती किंवा त्याहून मोठे पान असेल तर सतरा होईपर्यंत ओढावे. अकरा आले आणि डीलरचे पान हलके असेल तर रक्कम दुप्पट करावी. एक्के आणि अठ्ठ्या फोडाव्यात, दहाची जोडी कधीच फोडू नये. मात्र डीलर आपले दुसरे पान शेवटीच घेत असेल, तर त्याच्या दहासमोर किंवा एक्क्यासमोर अठ्ठ्या फोडणे किंवा रक्कम वाढवणे टाळावे.

इथवर तोटा कमी होतो. फायदा सुरू होतो तो पाने लक्षात ठेवण्यापासून. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळलेल्यांना हे शिकवावे लागत नाही. किती दश्श्या पडल्या आणि किती बाकी आहेत, यावरच तिथला डाव फिरतो. एडवर्ड थॉर्पने १९६२ च्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकात हेच ब्लॅकजॅकसाठी सिद्ध केले. प्रचलित पद्धतीत दुर्री ते छक्की पडली की एक मिळवायचा, दहाचे पान किंवा एक्का पडला की एक वजा करायचा, मधली पाने सोडून द्यायची. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे. उत्तर दोनच्या पुढे गेले की गठ्ठ्यात मोठी पाने जास्त आहेत, आणि तेव्हाच रक्कम वाढवायची. यात लबाडी काही नाही, पण असा खेळाडू ओळखू आला की कॅसिनो त्याला खेळवत नाहीत. पाने सतत पिसणारे यंत्र टेबलावर असेल तर मोजणी वायाच जाते.

आणि हा फायदा असतो तरी किती? सगळे जमले तर एक टक्क्याच्या आसपास. सरासरी हजार रुपये लावून तासाला साठ डाव खेळले तर अपेक्षित नफा सहाशे. त्याच तासात नशिबाच्या चढउताराने रक्कम आठ-नऊ हजारांनी वर किंवा खाली जाणे अगदी सामान्य. पुरेसे भांडवल आणि शेकडो तास हाताशी नसलेल्याला हा फायदा दिसतच नाही.

त्यात कर. कॅसिनोत चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. दहा हजारांच्या चिप्सवरचा कर हजारांत जातो, तिथे तासाला सहाशेचा नफा पुरा पडत नाही. मांडवीवर ब्लॅकजॅक करमणुकीपुरता खेळता येतो, कमाईसाठी नाही. तरीही जाणाऱ्याने काउंटरवर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: भरलेल्या पैशांच्या किती चिप्स हातात येणार, आणि ब्लॅकजॅकला तीनास दोन देता की सहास पाच.