नोंद झाली, निरोप पोहोचला का?

शाळेच्या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारल्यास कोणताही अनुभवी लिपिक कपाटातील जनरल रजिस्टरकडे बोट दाखवील. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात आणि प्रवेशाचा दिनांक तेथे लिहिलेला असतो आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हे मानीव दिनांक धरले जातात. त्यापूर्वीच्या पुराव्याला जातपडताळणी समितीपुढे मोठे वजन असते. आजोबांच्या शाळेतील एका ओळीवर नातवाचे शिक्षण अडते किंवा मार्गी लागते, हे कर्जत-खालापुरातील आपल्या वस्त्यांना आणि कातकरी-ठाकर वाड्यांना वेगळे सांगावयास नको.

दमट हवा आणि वाळवी यांच्या भयाने आता अनेक शाळा ही रजिस्टरे स्कॅन करून स्टोरेज यंत्रात ठेवू लागल्या आहेत. अशा यंत्रात बहुधा दोन हार्डडिस्क असतात आणि प्रत्येक पान दोहोंवर एकाच वेळी लिहिले जाते. एक निकामी झाली तरी दुसरी काम चालू ठेवते. सोय हीच आणि धोकाही हाच. कारण पहिली डिस्क गेल्याचे वापरणाऱ्याला जाणवतच नाही. फाइल उघडते, दाखला छापला जातो. यंत्राने मात्र आपल्या अंतर्गत नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ती घटना वेळेसह लिहिलेली असते. डिस्कचा खराब झालेला भाग टाळून मजकूर राखीव जागी हलवावा लागला, अशा नोंदी पुष्कळदा त्याआधीच वाढू लागलेल्या असतात. लॉग कोणी उघडला नाही, तर दुसरी डिस्क जाईपर्यंत सारे आलबेल दिसते.

म्हणून लिहून ठेवणे आणि कळवणे ही दोन वेगळी कामे मानली पाहिजेत. पालीतील ‘सति’ या शब्दात स्मरण आणि जागरूकता हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. यंत्रात ते आपल्याला जोडून द्यावे लागतात. लॉगमध्ये सर्व काही उतरते: कोण आत आले, यंत्र केव्हा सुरू झाले, तापमान किती होते. संगणकजगतातील रूढ पद्धतीत या नोंदींच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या असतात. शून्य सर्वांत गंभीर. त्यांतील वरच्या मोजक्याच पायऱ्यांचा संदेश मोबाइलवर यावा. सरसकट सगळेच येऊ लागले, की चार दिवसांत माणूस त्यांचा आवाज बंद करून टाकतो.

पण जुलैच्या पावसात वीज गेली, इंटरनेट तुटले, तर संदेश निघणार कसा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या घाटात फार जुने आहे. कर्जत-लोणावळा लोहमार्गावर पावसाळ्यात गस्तवाले रूळ तपासत चालतात. गस्तवाल्याजवळ गस्तवही असते; तो स्थानकावर पोहोचला की स्टेशनमास्तर वेळ लिहून सही करतात. ही नोंद. मार्गावर दरड दिसली, तर लाल दिवा आणि रुळावर ठेवावयाचे फटाके. हा इशारा. नियमाचे खरे मर्म याच्या पुढे आहे. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत गस्तवाला आला नाही, तर स्टेशनमास्तरने त्या बाजूची गाडी थांबवून चालकास सावधगिरीचा लेखी आदेश द्यावयाचा असतो. न आलेला माणूस हाच तेथे इशारा ठरतो. यंत्रानेही रोज सकाळी ‘दोन्ही डिस्क ठीक’ एवढा एकच निरोप धाडावा. तो आला नाही, की उठून पाहावे.

तरीही एक मर्यादा उरते. जे आधी यादीत घातले असेल, त्याचाच इशारा मिळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. त्या दुःखाशेजारी यंत्राची गोष्ट ठेवण्याचा संकोच वाटतो. पण यादीबाहेरचा धोका म्हणजे काय, हे या तालुक्यात याहून स्पष्ट कशानेच होणार नाही. चुकून एक फोल्डर पुसला गेला, तर तो दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. डिस्क ठणठणीत, सकाळचा निरोपही वेळेवर. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी, यंत्रापासून सुटी ठेवावी लागते आणि अधूनमधून कोणीतरी एखादे जुने पान उघडून डोळ्यांनी वाचावे लागते.

राहता राहिला प्रश्न निरोप कोणाला जावा याचा. बहुतेक ठिकाणी यंत्र बसवून देणाऱ्याचाच ई-मेल त्यात भरलेला असतो आणि तो गृहस्थ केव्हाच दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो. मुख्याध्यापक, लिपिक आणि संगणकक्षेत्रात काम करणारा एखादा माजी विद्यार्थी अशी तीन नावे तेथे असावीत. बदल्या आणि निवृत्त्या लक्षात घेऊन दर जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, ती तपासावीत आणि त्याच दिवशी यंत्रातून चाचणीचा संदेश पाठवून तिघांच्याही मोबाइलवर तो आला की नाही, हे विचारून घ्यावे.